हात लावण्याआधी

रिक्षा चालवायला बॅज लागतो. वडापावची गाडी लावायची तरी अन्नपदार्थांची नोंदणी करावी लागते. फिजिओथेरपिस्टला परिषदेकडे नाव नोंदवावं लागतं. ‘मसाज थेरपिस्ट’ अशी पाटी लावायला मात्र आपल्याकडे कुणी परीक्षा घेत नाही. जपानमध्ये याच कामासाठी किमान तीन वर्षं शिकून राष्ट्रीय परीक्षा द्यावी लागते. अमेरिकेत बहुतेक राज्यांत परवाना आहे. टेक्सासमध्ये त्यासाठी 500 तासांचं प्रशिक्षण लागतं, न्यूयॉर्कमध्ये 1000 तासांचं. अनेक राज्यांत मान्य असलेल्या ‘एमब्लेक्स’ परीक्षेत 110 मिनिटांत शंभर प्रश्न सोडवायचे असतात आणि त्यातले बरेचसे शरीररचना, आजार आणि कायदा यांवर असतात. हाताची कला त्यात कुठेच तपासली जात नाही, ही गोष्ट वेगळी.

आपल्याकडे दार सताड उघडं आहे. या कामात शिरू पाहणाऱ्यांना ती सोय वाटते. पण ज्या अर्थी तुमची परीक्षा कुणी घेत नाही, त्या अर्थी तुम्हाला शिकवणाऱ्याचीही घेतलेली नसण्याची शक्यता बरीच. ‘पंधरा दिवसांत दहा प्रकारचे मसाज, शंभर टक्के नोकरी’ अशी जाहिरात छापायला कुणाची परवानगी लागत नाही. म्हणून निवडीचा सगळा भार शिकणाऱ्यावर येतो.

माझं मत सुरुवातीलाच नोंदवून ठेवणं बरं. अभ्यासक्रम किती प्रकार शिकवतो हे विचारू नका. कुणाला, कुठे आणि केव्हा हात लावायचा नाही, हे तो किती नीट शिकवतो ते विचारा. प्रकार नंतरही शिकता येतात. नकार द्यायची सवय पहिल्या महिन्यात लागली नाही तर पुढे लागत नाही, कारण तोवर समोर पैसे देणारा माणूस पालथा पडलेला असतो.

रस्ते तीन-चार, आणि त्यांची टोकं वेगळी

पहिला रस्ता स्पाचा. हॉटेलं, रिसॉर्ट, विमानतळ, शहरातली सलून-स्पा हे त्याचं क्षेत्र. इथे पाया ‘स्वीडिश’ मसाजचा असतो. नाव स्वीडिश असलं तरी हातांच्या हालचालींची नावं फ्रेंच आहेत आणि ती पद्धतशीरपणे रूढ केली ॲमस्टरडॅमच्या योहान मेझगर या डच डॉक्टरनं, एकोणिसाव्या शतकात. एफ्लुराज म्हणजे लांब, सरकता हात. पेट्रिसाज म्हणजे पीठ मळल्यासारखं स्नायू उचलून दाबणं. फ्रिक्शन म्हणजे एकाच जागी खोल घासणं. टॅपोटमेंट म्हणजे थापट्या. त्यांना थरथर, म्हणजे व्हायब्रेशन, जोडली की पाच मूळ हालचाली झाल्या. ‘डीप टिश्यू’पासून ‘अरोमा’पर्यंत स्पाच्या मेन्यूकार्डावरची बरीच नावं याच पाचांची वेगवेगळी मिश्रणं असतात. त्यामुळे कुणी दहा प्रकार शिकवतो म्हणाला तर त्यातले खरे वेगळे किती, ते विचारायला हरकत नाही.

या रस्त्यावर सरकारी चौकटीतलं प्रमाणपत्र मिळतं ते ब्युटी अँड वेलनेस सेक्टर स्किल कौन्सिलचं. त्यात ‘असिस्टंट स्पा थेरपिस्ट’ आणि ‘स्पा थेरपिस्ट’ अशा पायऱ्या आहेत. खाजगी संस्था सिडेस्को किंवा आयटेक यांसारख्या परदेशी पदविकाही देतात. त्यांची फी बरीच जास्त असते. क्रूझवर किंवा परदेशी हॉटेलात जायचं असेल तर त्यांचा उपयोग होतो. सोलापूर किंवा नाशिकमध्येच काम करायचं असेल तर एवढा खर्च आधी करू नये. पहिली दोन वर्षं कमवा, मग ठरवा.

दुसरा रस्ता आयुर्वेदाचा. इथे एक गैरसमज आधी दूर करायला हवा. मालिश म्हणजे पंचकर्म नव्हे. वमन, विरेचन, बस्ती, नस्य आणि रक्तमोक्षण ही पाच कर्मं. तेलाचा अभ्यंग आणि वाफेचं स्वेदन हे त्यांच्या आधीचं, म्हणजे पूर्वकर्म. पाच कर्मं ठरवणं आणि करवणं हे वैद्याचं काम आहे. ‘पंचकर्म टेक्निशियन’ वैद्याच्या सूचनेप्रमाणे अभ्यंग, स्वेदन, पिंडस्वेद, कटिबस्ती, जानुबस्ती, शिरोधारा करतो. तेल गरम करतो, द्रोणी (मालिशीचं लाकडी टेबल) धुतो, रुग्णाला उठवतो-बसवतो. हेल्थकेअर सेक्टर स्किल कौन्सिलच्या चौकटीत या कामाचं प्रमाणपत्र आहे. आयुर्वेद महाविद्यालयांच्या रुग्णालयांत शिकायला मिळालं तर सोडू नका. तिथे रोज खरे रुग्ण येतात, आणि शिरोधारेची धार कपाळापासून चार अंगुळांवरून, न थांबता, न हलता धरायला किती दिवस लागतात ते तिथेच कळतं.

केरळी पद्धत शिकायला अनेक जण थेट केरळात जातात. तिथे दोन थेरपिस्ट दोन्ही बाजूंनी एका लयीत हात चालवतात, आणि पुरुषांना पुरुष, स्त्रियांना स्त्री असा नियम पाळला जातो. केरळ पर्यटन खातं आयुर्वेद केंद्रांना श्रेणी देतं. शिकायची जागा शोधताना ती श्रेणी आहे का, एवढं पाहिलं तरी निम्मी दुकानं गळतात.

तिसरा रस्ता निसर्गोपचाराचा, आणि तो महाराष्ट्राच्या अंगणातला आहे. पुण्याच्या ताडीवाला रस्त्यावरचं बापू भवन, म्हणजे आजची राष्ट्रीय निसर्गोपचार संस्था, हे मुळात डॉ. दिनशा मेहता यांचं निसर्गोपचार केंद्र. गांधीजी तिथे राहून गेले होते. 1946 साली त्यांनी उरुळीकांचनचा आश्रम सुरू केला आणि तो पुढे मणिभाई देसाईंनी वाढवला. पुण्याच्या संस्थेत उपचार सहायकांसाठी एक वर्षाचा पूर्णवेळ अभ्यासक्रम चालतो. मालिश, मातीपट्टी, कटिस्नान, वाफ हे सगळं रोज हाताखालून जातं. चकचकीत स्पाच्या मानानं हा रस्ता साधा दिसतो. पण एक वर्ष रोज हात चालवलेला माणूस आणि पंधरा दिवसांचं लॅमिनेट केलेलं प्रमाणपत्र घेतलेला माणूस यांत कुणाला घ्यायचं, हे कोणत्याही शहाण्या मालकाला सांगावं लागत नाही.

याशिवाय थाई मसाज आहे. बँकॉकच्या वाट फो देवळातली शाळा 1955 पासून तो शिकवते आणि 2019 मध्ये युनेस्कोनं त्याला मानवजातीच्या अमूर्त वारशाच्या यादीत जागा दिली. तिथला सर्वसाधारण अभ्यासक्रम तीस तासांचा, साधारण पाच दिवसांचा. आपल्याकडची काही मंडळी सहलीला जोडून तो करतात आणि परत येऊन वर्ग काढतात. तीस तासांत क्रम पाठ होतो, एवढंच.

खेळाडूंचा मसाज हे आणखी एक क्षेत्र. कोल्हापूरच्या तालमींत पोरं मेहनतीनंतर एकमेकांची अंगं रगडत आली आहेत. आता कबड्डीच्या आणि क्रिकेटच्या व्यावसायिक संघांबरोबर पगारी मसाज थेरपिस्ट असतात. या कामात जायचं असेल तर फिजिओथेरपिस्टच्या हाताखाली उमेदवारी करा. ताजी लचक, फाटलेला स्नायू यांवर पहिले दोन-तीन दिवस दाबायचं नसतं. ही एक गोष्ट न कळल्यानं उत्साही मालिशवाले आठवड्याच्या दुखण्याचं महिन्याचं करून ठेवतात.

संस्थेत जाऊन काय विचारायचं

फी आणि कालावधी सगळेच विचारतात. त्यानंतरचे प्रश्न महत्त्वाचे. शिक्षकाच्या नजरेखाली पूर्ण अंगाची मालिश किती वेळा करायला मिळेल? सराव कुणावर? फक्त एकमेकांवर असेल तर ते अपुरं आहे, कारण वर्गातली सगळी शरीरं वीस-पंचवीस वर्षांची, धडधाकट असतात. सत्तरीच्या आजींची कातडी कागदासारखी पातळ असते, मधुमेही माणसाच्या तळपायाला चटका कळत नाही, जाड माणसाच्या पाठीत स्नायू कुठे सुरू होतो ते बोटांना शोधावं लागतं. हे फळ्यावर शिकवता येत नाही.

शरीररचना कोण शिकवतं, हाही प्रश्न विचारा. ट्रॅपेझियस, कण्याच्या दोन्ही बाजूंचे उभे स्नायू, कमरेतला क्वाड्रेटस लंबोरम, नितंबातला पिरिफॉर्मिस, पोटरीचा गॅस्ट्रोक्नेमियस यांची नावं पाठ करून भागत नाही. बोटानं ते दाखवता आले पाहिजेत. प्रथमोपचार आणि सीपीआर शिकवतात का? शेवटची परीक्षा बाहेरचा परीक्षक घेतो की जो शिकवतो तोच? प्रमाणपत्रावर कौन्सिलचं नाव, एनएसक्यूएफची (राष्ट्रीय कौशल्य पात्रता चौकटीची) पातळी आणि पडताळणीचा क्यूआर कोड असतो का? ‘मान्यताप्राप्त’ हा शब्द भिंतीवर सोनेरी अक्षरांत लिहिलेला असतो. मान्यता कुणाची, ते बारीक अक्षरांत शोधावं लागतं.

आणि एक गोष्ट विचारण्याची नव्हे, करण्याची आहे. प्रवेश घेण्याआधी तिथल्या शिक्षकाकडून किंवा जुन्या विद्यार्थ्याकडून पैसे देऊन स्वतः मालिश करून घ्या. चादर कशी पांघरली, आधी काही विचारलं का, तेल गार होतं की कोमट, मध्येच मोबाइल वाजला का, हे तासाभरात सगळं दिसतं.

ज्यांना काम आधीपासून येतं, पण कागद नाही, त्यांच्यासाठी ‘रेकग्निशन ऑफ प्रायर लर्निंग’, म्हणजे आरपीएल, नावाची सोय आहे. सासूकडून किंवा आईकडून बाळंतिणीची मालिश शिकलेली बाई, वडिलांच्या दुकानात चंपी करत मोठा झालेला मुलगा यांना पुन्हा पहिलीपासून बसावं लागत नाही. थोडी उजळणी आणि मूल्यमापन होऊन प्रमाणपत्र मिळू शकतं. असा वर्ग आपल्या जिल्ह्यात चालू आहे का, हे जिल्हा कौशल्य विकास कार्यालयात विचारावं. या बायांच्या हातात जे असतं ते बऱ्याच पदविकाधारकांच्या हातात नसतं, हे मी पाहिलेलं आहे. त्यांना कमी पडतं ते पुढच्या विषयात.

नकाराची यादी

ताप असेल तर मालिश नाही. त्वचेवर संसर्ग, गळू, नागीण, उघडी जखम असेल तर नाही. पोटभर जेवून लगेच आलेल्याला थांबवायचं; आयुर्वेदानंही अजीर्णात अभ्यंग वर्ज्य सांगितला आहे. फुगलेल्या निळ्या शिरांवर दाब नाही. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर खोल दाब नाही, कारण साध्या दाबानंही काळेनिळे डाग पडतात. कर्करोगाचा उपचार चालू असेल, नुकतं ऑपरेशन झालं असेल, हाडं ठिसूळ असतील तर डॉक्टरांच्या लेखी परवानगीशिवाय नाही.

एका गोष्टीवर थोडं थांबायला हवं. माणूस येतो आणि म्हणतो, ‘पोटरीत गोळा आलाय, जरा जोरात रगडा.’ दोन्ही पोटऱ्या शेजारी शेजारी पाहा. एकच पोटरी सुजलेली, गरम, लालसर, दाबल्यावर दुखणारी असेल, आणि माणूस नुकताच लांबचा प्रवास करून आला असेल, अंथरुणाला खिळून उठला असेल किंवा बाई नुकती बाळंत झाली असेल, तर हात मागे घ्या. आतल्या शिरेत रक्ताची गुठळी असू शकते. ती रगडली तर सुटून फुप्फुसात जाऊ शकते आणि माणूस दगावू शकतो. अशा माणसाला त्याच दिवशी डॉक्टरकडे पाठवायचं. तो रागावला तरी चालेल.

कंबरदुखीचंही तसंच. ‘उसण भरली’, ‘चमक निघाली’ म्हणून येणाऱ्यांपैकी बहुतेकांना हलक्या हातानं बरं वाटतं. पण दुखण्याबरोबर पायात जोर राहिला नसेल, मांड्यांच्या आतल्या बाजूला बधिरपणा असेल, लघवी-शौचावरचा ताबा गेला असेल तर ते मणक्यातल्या मज्जातंतूंवरच्या दाबाचं लक्षण असू शकतं आणि तासांचा हिशेब असतो. डावा खांदा, जबडा, छाती दुखतेय, घाम सुटलाय, अशा माणसाला खांदा चोळून देणारा थेरपिस्ट त्याचा सगळ्यात मौल्यवान वेळ खातो.

शरीरावर काही जागा अशा आहेत की तिथे अंगठा रुतवायचाच नाही: गळ्याची पुढची बाजू, काख, जांघ, गुडघ्यामागची खळगी, आणि पाठीत शेवटच्या बरगड्यांखालचा मूत्रपिंडांचा भाग. तिथे रक्तवाहिन्या, नसा किंवा नाजूक अवयव वरवर असतात.

आणि मान मोडायची नाही. सलूनच्या खुर्चीत चंपी झाल्यावर हनुवटी आणि डोकं धरून कडकन आवाज काढायची पद्धत आहे. गिऱ्हाइकाला त्यात मजा वाटते, कारागिराला शाबासकी मिळते. त्या झटक्यानं मानेतून मेंदूकडे जाणारी रक्तवाहिनी आतून चिरू शकते आणि पक्षाघात होऊ शकतो. नुसतं पार्लरच्या बेसिनवर मान बराच वेळ मागे ताणून धरल्यानं झालेल्या पक्षाघाताची नोंद 1993 मध्येच अमेरिकी वैद्यकीय नियतकालिकात झालेली आहे. ज्या वर्गात मान मोडायला शिकवतात तिथून उठून यावं.

हे सगळं लक्षात ठेवायची सोपी युक्ती म्हणजे एका पानाचा अर्ज: नाव, वय, आजार, गोळ्या, ऑपरेशन, गरोदरपण, तेलाची ॲलर्जी. ज्याला लिहिता येत नाही त्याला विचारून तुम्ही भरा. पहिल्यांदा हे विचारताना अवघडल्यासारखं होतं. नंतर लोकच दुसऱ्यांना सांगतात, ‘तिथे आधी सगळं विचारतात.’

बाळंतीण आणि बाळ

महाराष्ट्रात घरी जाऊन मालिश करण्याच्या कामाचा सगळ्यात भरवशाचा भाग हा आहे, म्हणून तो वेगळा. सव्वा महिना रोज सकाळी ठरावीक वेळी, आई आणि बाळ दोघांची मालिश, अंघोळ, शेक. एका घरातून दुसऱ्या घरी नाव जातं. परिचारिकेचं किंवा आशाताईचं काम केलेल्या स्त्रिया यात चटकन रुळतात.

सिझेरियन झालेल्या बाईच्या पोटावर डॉक्टरांनी सांगेपर्यंत दाब नाही, पोट घट्ट बांधणंही त्यांना विचारूनच. बाळंतपणानंतरच्या पहिल्या सहा आठवड्यांत रक्ताची गुठळी होण्याचा धोका जास्त असतो, म्हणून मघाशी सांगितलेली पोटऱ्यांची तपासणी इथे रोजची. बंद खोलीत कोळशाची शेगडी ठेवून धुरी-शेक करायची जुनी पद्धत अजून अनेक घरांत आहे. त्या धुरातला विषारी वायू डोळ्यांना दिसत नाही, वास येत नाही. आजी रुसल्या तरी खिडकी उघडीच ठेवायची, आणि बाळाला त्या खोलीतून बाहेर न्यायचं.

बाळाच्या बाबतीत तर काय करायचं नाही हेच मुख्य आहे. नाकात-कानात तेल सोडायचं नाही. बाळाची छाती पिळून ‘दूध काढायचं’ नाही. त्यानं गळू होतं. उलटं टांगायचं नाही, डोकं दाबून ‘गोल’ करायचं नाही, नाक ओढून सरळ करायचं नाही. खोबरेल तेल बहुतेक बाळांना मानवतं. मोहरीचं तेल नाजूक कातडीला त्रास देऊ शकतं. बाळ पाजून लगेच मालिश नाही. रडायला लागलं तर थांबायचं. ‘रडलं की फुप्फुसं मोकळी होतात’ हे ऐकून घ्यायचं आणि तरीही थांबायचं. घरातल्या वडीलधाऱ्यांना हे सांगणं हाताच्या कामापेक्षा अवघड असतं. ‘डॉक्टरबाईंनी असं सांगितलंय’ हे वाक्य इथे बरंच काम करतं, आणि ते खरंही असावं म्हणून आईच्या डॉक्टरांना पहिल्याच आठवड्यात भेटून यावं.

तुमचं शरीर किती वर्षं टिकेल

या व्यवसायातून लोक बाहेर पडतात ते बहुधा अंगठ्यामुळे. सुरुवातीला सगळा जोर अंगठ्यांनी आणि मनगटांनी लावायची खोड असते. वर्ष-दोन वर्षांत अंगठ्याचं मूळ दुखायला लागतं, मग कुलूप उघडतानाही कळ येते. जोर हातातून नव्हे, पावलांतून यायला हवा. एक पाय पुढे, एक मागे, पाठ सरळ, आणि आपलं वजन पुढे झुकवून दाब द्यायचा. खोल कामासाठी कोपराखालचा हात वापरायचा. टेबलाची उंची अशी की सरळ उभं राहून हात खाली सोडले तर बोटांची पेरं टेबलाला टेकावीत. जास्त दाब द्यायचा असेल तर आणखी थोडं खाली. घरोघरी जाणाऱ्यांना टेबल नेता येत नाही, जमिनीवर सतरंजी घालून काम करावं लागतं. त्यांनी गुडघ्याखाली उशी घ्यायला लाजू नये.

‘जोरात करा, पैसे वसूल झाले पाहिजेत’ म्हणणारं गिऱ्हाईक आपल्याकडे हमखास भेटतं. दुखलं म्हणजे गुण आला, ही समजूत पक्की आहे. त्याला सांगायचं की दाब एक ते दहाच्या पट्टीवर सहा-सातच्या वर गेला की स्नायू सैल व्हायच्या ऐवजी आवळतो, आणि तुम्ही श्वास रोखला की मला लगेच कळतं. हे सांगायला जमलं की तुमचे अंगठेही वाचतात. दिवसाला पूर्ण अंगाच्या चार-पाच मालिशींच्या पलीकडे जाऊ नये. सणासुदीला मालक आठ करायला सांगतात. नोकरी घेतानाच हा आकडा बोलून घ्या.

नखं रोज पाहायची, अंगठ्या-बांगड्या काढून ठेवायच्या. आणि एक फारसं न सांगितलं जाणारं: तेलकट टॉवेल गरम पाण्यात आणि सोड्यात नीट धुतले नाहीत, ड्रायरमधून गरमागरम काढून तसेच ढीग करून ठेवले, तर त्यातलं उरलेलं तेल हवेशी संयोग होऊन आपोआप तापत जातं आणि ढिगाला आग लागू शकते. पूर्ण गार झाल्यावरच घड्या घालाव्यात.

नाव आणि दार

मसाज या शब्दाला बदनामीचा वास आहे, हे झाकून चालणार नाही. महिन्या-दोन महिन्यांत कुठल्या तरी स्पावर छापा पडल्याची बातमी येते. ही बदनामी नवी नाही आणि आपलीच नाही. 1894 साली लंडनमध्ये मसाजच्या नावाखाली चालणाऱ्या धंद्यांवर ब्रिटिश मेडिकल जर्नलनं कोरडे ओढले, तेव्हा प्रामाणिकपणे हे काम करणाऱ्या चार परिचारिकांनी त्याच वर्षी ‘सोसायटी ऑफ ट्रेन्ड मॅसूझेस’ काढली. परीक्षा ठेवली, डॉक्टरांच्या सूचनेशिवाय काम नाही असा नियम केला. आजची ब्रिटनमधली फिजिओथेरपिस्टांची चार्टर्ड सोसायटी त्याच संस्थेतून वाढली. त्या चौघींनी नियम आधी स्वतःवर घातले.

नोकरी पाहायला जाल तेव्हा दिवसाउजेडी जा आणि घरच्यांपैकी कुणाला सोबत न्या. दुकाने व आस्थापना कायद्याखालची नोंदणी भिंतीवर आहे का, थेरपीच्या खोलीला आतून कडी आहे का (नसावी), स्वागतकक्षात कॅमेरा आहे का, गिऱ्हाइकाचं नाव-नंबर लिहून घेतात का, हे पाहा. मूळ प्रमाणपत्रं ठेवून घेणारा मालक नको. पगार किती, टिप कुणाची, पीएफ-ईएसआय आहे का, हे कागदावर घ्या. ‘गिऱ्हाइकाला खूश ठेवा’ या वाक्याचा अर्थ कुणी स्पष्ट सांगत नसेल तर उठून या.

अंगावरची चादर हा या व्यवसायाचा गणवेशच आहे. ज्या भागावर काम चालू आहे तेवढाच उघडा, बाकी झाकलेला. सुरू करण्याआधी कुठे हात लावणार ते सांगायचं आणि होकार ऐकायचा. गिऱ्हाईक वावगं बोललं किंवा वागलं तर काम तिथेच थांबवून बाहेर यायचं. पैशांचा विचार नंतर. महिलांसाठी 2013 चा लैंगिक छळविरोधी कायदा आहे. दहा किंवा अधिक कर्मचारी असतील तर मालकानं अंतर्गत समिती नेमावीच लागते, कमी असतील तर जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे तक्रार करता येते. आणि कामाच्या जागी येणाऱ्या बाहेरच्या माणसांपासून, म्हणजे गिऱ्हाइकांपासूनही, सुरक्षितता देणं हे मालकाचं कर्तव्य त्या कायद्यात लिहिलेलं आहे. हे माहीत आहे असं मुलाखतीतच सहज बोलून दाखवा.

घरी जाऊन काम करणाऱ्यांनी पहिल्या वेळी नव्या घरी एकट्यानं जाऊ नये, पत्ता आणि वेळ कुणाकडे तरी ठेवावी. स्त्रियांनी फक्त स्त्रियांचंच काम घ्यायचं ठरवलं तर धंदा कमी होईल ही भीती नको. बाळंतिणी, सांधेदुखीच्या आजी आणि दिवसभर संगणकावर मान वाकवून बसणाऱ्या मुली यांच्यातच पुरेसं काम आहे.

दर ठरवताना तेल, प्रवास आणि टॉवेल धुण्याचा खर्च वेगळा मांडा, नाहीतर महिनाअखेरीला कमाई कुठे गेली कळत नाही. नावापुढे ‘डॉ.’ किंवा ‘फिजिओ’ लावू नका, आणि पाटीवर ‘गुडघेदुखी कायमची बंद’ असं लिहू नका. एक वही ठेवा: तारीख, गिऱ्हाइकाचं वय, तक्रार, काय केलं, किती दाब दिला. दुसऱ्या दिवशी फोन करून कसं वाटतंय ते विचारा आणि तेही त्याच ओळीत लिहा. पहिल्या वर्षात अंग दुखलं, डाग उठले, काहीच फरक पडला नाही, अशीही उत्तरं येतील. तीच पानं घेऊन आपल्या शिक्षकाकडे किंवा ओळखीच्या फिजिओथेरपिस्टकडे दर दोन-तीन महिन्यांनी तासभर बसा. त्या तासाची फी द्यावी लागली तरी द्या.